संशयास्पद वनस्पती, नग एकोणीस

आमच्या घरात कोणतीही मशीन आली, की तिला आधी हळद-कुंकू लागतं आणि मग वीज. मिक्सरला लागलं, कूलरला लागलं. मोबाइललाही गोपिकेने कुंकवाचं बोट लावलं होतं, ते नेमकं चार्जिंगच्या भोकात गेलं आणि दुरुस्तीवाल्याने आम्हा नवराबायकोकडे बराच वेळ पाहिलं. आमचं घराणं कोष्ट्यांचं. माझे वडील रोज मागाच्या पाया पडून मग मागावर बसत. त्यामुळे या प्रथेला माझा विरोध नाही, आणि चौकीत जबाब देतानाही मी तेच सांगितलं. माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी खोका उघडून आतल्या मशीनची पूजा केली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पूजा खोक्याची झाली.

मशीन कसली, ते सांगतो. पाल्यातून, फुलांतून तेल काढायची. खाली स्टीलचा डबा, त्यात पाणी आणि पाला. डबा तापला की वाफ काचेच्या नळीतून एका तिरप्या कंडेन्सरमध्ये जाते. कंडेन्सर म्हणजे एका नळीभोवती दुसरी नळी, आणि दोन्हींच्या मधून गार पाणी. वाफ थंड होऊन थेंब थेंब खाली पडते आणि तेल पाण्यावर तरंगतं. झालं. यात रॉकेट सोडण्यासारखं काही नाही. मला गवती चहाचं तेल काढायचं होतं, कारण आमच्या गच्चीवर गवती चहा इतका माजला होता की वाळत घातलेलं धोतर शोधावं लागायचं.

खरं कारण मात्र वेगळं होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी मारोतराव धकाते, एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. भांडी धुवायची, नळ्या जोडायच्या, स्टँड लावायचे. सगळं मांडून झालं की विभागप्रमुख कृष्णकांत सर यायचे, बर्नर पेटवायचे, पोरं वहीत आकृती काढायची, आणि मी तोवर मागच्या मोरीपाशी उभा. एकतीस वर्षांत मी मांडलेल्या यंत्रातून पडलेला पहिला थेंब मी एकदाही जवळून पाहिला नाही. मोरीपासून टेबल दिसत नसे. तर मला एकदा, मरण्याआधी, आपल्या हाताने जोडून आपल्या हाताने चालवून तो थेंब पाहायचा होता. हसायचं असेल तर हसा बाप्पा.

मशीन इंटरनेटवरून मागवली. वर्णन इंग्रजीत होतं: ‘कॅनाबिस आणि इतर वनस्पतींवर प्रक्रिया करण्यासाठी प्रयोगशाळा उपकरण.’ मी त्यातलं ‘आणि इतर’ तेवढं वाचलं. नोकरीभर माझं नाव ‘प्राध्यापक आणि इतर कर्मचारी’ या यादीत असायचं, त्यामुळे आपला मजकूर ‘इतर’पासून सुरू होतो अशी माझ्या डोळ्यांना सवय आहे. कॅनाबिस हे मला कंपनीचं नाव वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खोका आला. कमरेएवढा उंच, आणि चारही बाजूंनी हिरवंगार पान छापलेलं, सात बोटांचं. गोपिकेने चष्मा लावला, खोक्याला प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला.

“अंबाडी हाय.”

गोपिकेचं माहेर मौद्याकडचं, शेतकऱ्याचं घर. पाला ओळखण्यात तिच्यापुढे मी तोंड उघडत नाही. शिवाय आमच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली, कापलेल्या तेलाच्या डब्यांत, तिने स्वतः लावलेली अंबाडी उभी होती, आणि तिची पानं अगदी तश्शीच बोटाबोटांची. मी वर जाऊन एक पान तोडून आणलं आणि खोक्यावर ठेवून पाहिलं. जुळलं.

“पाहा,” गोपिका म्हणाली, “फारेनच्या लोकायलेही अंबाडीची किंमत समजली. आपले लोक पनीर खाऊन राहिले.”

मग तिने त्या पानाभोवती कुंकवाने गोल काढला, मधोमध हळदीचं बोट ठेवलं, नारळ ठेवला, लिंबू-मिरची बांधली आणि मला टोपी घालून बाजूला उभं केलं. समोरच्या शोभाताई तेवढ्यात विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी फोटो काढला. शोभाताईंनी काढलेला फोटो त्यांच्याकडे राहत नाही. पाच मिनिटांत तो कॉलनीच्या ग्रुपवर होता: ‘मारोतरावजींकडे नवीन मशीनचे आगमन. अभिनंदन!’ खाली बेचाळीस लोकांनी हात जोडले. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला कोणीतरी पानाभोवती लाल गोल काढून तोच फोटो परत टाकला आणि लिहिलं, ‘हे गांजाचं पान आहे ना?’

त्यानंतर ग्रुपवर इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन बंद पडला.

संध्याकाळी पहिले आले भैय्याजी. आमच्या शेजारी राहतात, लकडगंजात लाकडाचा धंदा. एरवी गल्लीच्या तोंडापासून हाक मारणारा हा माणूस चप्पल हातात घेऊन आला आणि माझ्या कानाशी लागला.

“भाऊ, आपण काही कोणाले सांगत नाही. पण शिवरात्रीले आमच्या घरी भांगेचा घोटा राहते, पाट्यावर वाटता वाटता हात दुखून जाते. तुमच्या मशीनमधून डायरेक्ट निघन का?”

मी त्यांना सांगितलं की ही मशीन गवती चहासाठी आहे. “बरोबर, बरोबर,” भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी डोळा मारला. साठ वर्षांच्या माणसाने डोळा मारला की फार वाईट दिसतं. मग त्यांनी सल्ला दिला: खोक्यावर संत्र्याचे फोटो चिकटवा, कळमन्याच्या फळबाजारातल्या पेट्यांसारखे, म्हणजे कोणी विचारणार नाही. शोभाताईंचा सल्ला होता की खोका जाळून टाका. मी म्हटलं, गांजाच्या पानाचा खोका गल्लीत जाळला तर लोक धूर घ्यायला येतील. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही असे वाटत नव्हते.” या वाक्याचा मला फार राग आला. मी कसा वाटतो, याची चौकशी या बाईने वीस वर्षांत कधी केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. एक हवालदार आणि पीएसआय उईके मॅडम. लेखी तक्रार होती, खाली सही नव्हती. सगळे गच्चीवर गेले. मशीन मी जोडायला घेतली होती, पण पूर्ण झाली नव्हती. हवालदाराने डब्याकडे पाहिलं, काचेच्या नळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, हे तर हातभट्टीसारखं दिसून राहिलं.”

“तक्रार गांज्याची हाय,” मॅडम म्हणाल्या.

“मग दोन्ही लिहू का?”

तेवढ्यात त्याला हिरव्या जाळीखालची अंबाडी दिसली आणि त्याचा चेहरा एकदम फुलला. तो बोट दाखवत मोजत गेला. ‘संशयास्पद वनस्पती, नग एकोणीस’ असं त्याने लिहिलं, आणि प्रत्येक झाडाच्या खोडाला दोरा बांधून त्यावर लाख लावायला सुरुवात केली.

“अवं बाई, अंबाडी हाय थे!” गोपिका मध्ये पडली. “तुमी कोठल्या वं?”

“चामोर्शीकडची,” मॅडम म्हणाल्या.

“मंग? तुमच्याकडे अंबाडी नाई होत?”

“होते ना काकू. मलेही दिसून राहिली अंबाडीच हाय म्हणून. पण लेखी तक्रार हाय, त्याचं उत्तरही लेखीच लागते. माझ्या डोळ्याले सही करता येत नाही.”

या बाईंवर मला रागावता येईना, हीच मोठी अडचण होती. त्यांनी खुर्चीसुद्धा मागितली नाही. मशीन मात्र जप्त झाली. कुंकू लावलेल्या खोक्यात काचेच्या नळ्या मी स्वतः धोतरात गुंडाळून ठेवल्या, कारण हवालदार त्या उसासारख्या काखेत मारून निघाला होता. गल्लीतून खोका जाताना सगळ्यांच्या खिडक्यांचे पडदे हलत होते. माझ्या मागून भैय्याजींचा आवाज आला, “हिम्मत रखो भाऊ!” म्हणजे ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चौकीत हजर राहायचं होतं. गोपिका सोबत आली, हातात चार पुडांचा डबा. तिने हवालदाराच्या टेबलावर डबा उघडला: कण्या घातलेली अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, ज्वारीच्या भाकरी. “खाऊन पाहा,” ती म्हणाली, “नशा झाली तर मले आत टाका.” हवालदार डाव्या हाताने नोंदवही सरकवून उजव्या हाताने जेवायला लागला. तिसऱ्या भाकरीवर त्याने विचारलं, “काकू, भाजी ताजी दिसते. कोठून आणली?”

“आमच्याच गच्चीवरची. तुमी काल लाख लावली ना, थेच.”

त्याचा घास तोंडातच राहिला. “काकू, थो मुद्देमाल होता!”

“सील खोडाले हाय,” गोपिका म्हणाली. “पानाले कोठी हाय?”

मॅडम बाहेर आल्या तेव्हा हवालदार डबा झाकत होता. गच्चीवर झाडं एकोणीसच होती, पण त्यातली सहा बोडकी. याचा पंचनामा कसा करायचा यावर दोघांची आत बरीच चर्चा झाली. शेवटी मॅडमनी सांगितलं की एखाद्या जाणकाराचं पत्र आणा, वनस्पती कोणती आहे ते लिहिलेलं, म्हणजे हे प्रकरण पुढे वाढणार नाही.

जाणकार म्हणजे कोण? मला एकच माणूस ठाऊक होता, आणि त्याच्या दारात जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. तरी गेलो. कृष्णकांत सर झोपाळ्यावर बसले होते. मी हकीकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, “धकाते, तुम्ही अशी मशीन कशाला घेतली? तुम्हाला चालवता येते का?” उत्तर दिलं असतं तर पत्र मिळालं नसतं. त्यांनी जाड पुस्तक उघडलं, आणि ते फार शास्त्रशुद्ध माणूस असल्यामुळे पत्रात अंबाडीचं शास्त्रीय नाव लिहून दिलं: हिबिस्कस कॅनाबिनस.

हवालदाराने पत्र वाचलं, दुसऱ्या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि मॅडमपुढे ठेवलं. “कॅनाबिस म्हणजे गांजाच ना? कबुलीच हाय, मॅडम.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “झाडाचं मी पाहून घेतो,” त्या म्हणाल्या. तिकडच्या बायाही कधी कधी ‘घेतो’ म्हणतात. “लहानपणी पोत्यानं तोडली हाय अंबाडी, माझ्या सहीनं सोडतो. पण काका, मशीनचं काय करू? एक तर मुद्देमाल खोलीत जमा होईन, कोर्टातून सुटायले दोन-तीन वर्षं. नाही तर पंचांसमोर चालवून दाखवा, गवती चहाचं तेल निघालं पाहिजे.”

मी मुद्देमाल खोली दारातून पाहिली. एकावर एक सायकली, पाण्याच्या मोटारी, एक देव्हारा, आणि सगळ्यात वर एक लोखंडी पलंग. काचेची नळी तिथे एक दिवससुद्धा टिकली नसती. मी म्हटलं, “आत्ता चालवून दाखवतो.”

“तुमाले नाही चालवता येणार. तुमी संशयित हाय, जप्त मालाले हात लावू शकत नाही. ज्यायनं पत्र दिलं त्या सरांना बोलवा. थे चालवतीन, तुमी बसून पाहा.”

खोटं कशाला सांगू, मला तिथेच रडू आलं. गोपिकेने पदर पुढे केला आणि हवालदाराला सांगितलं की यांना धुळीचा त्रास आहे. एकतीस वर्षं मोरीपाशी उभं राहून निवृत्त झालो, पदरच्या पैशाने मशीन घेतली, आणि तीसुद्धा सरच चालवणार.

सोमवारी अकरा वाजता चौकीच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल मांडलं. पंच म्हणून भैय्याजी आणि शोभाताई. शोभाताई नवी साडी नेसून आल्या होत्या. गोपिकेने गवती चहाचा भारा आणला होता. कृष्णकांत सरांनी बाह्या सरसावल्या आणि सगळ्यांना पाच मिनिटं ऊर्ध्वपातनाबद्दल माहिती दिली. माहिती उत्तम होती, मी ती एकतीस वेळा ऐकली आहे. मग त्यांनी मशीन जोडायला घेतली. मी सात फुटांवर बाकावर बसलो होतो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

रबरी नळी ते काचेवर कोरडीच रेटू लागले. नळी कशीबशी बसली. नळाचं पाणी त्यांनी कंडेन्सरच्या वरच्या तोंडाला जोडलं आणि खालून सोडलं. मी गोपिकेचा हात धरला. शेगडी पेटली. पाणी वरून यायचं आणि खालून निघून जायचं, नळी अर्धी रिकामीच. त्यात ते एप्रिलमधलं टाकीचं पाणी, त्यात थेट चहापत्ती टाकावी असं गरम. वीस मिनिटांनी पुढच्या तोंडातून वाफेचा भपकारा निघाला आणि शोभाताईंचा चष्मा धुरकटला. थेंब एक नाही.

“यंत्र सदोष दिसतं,” सर घाम पुसत म्हणाले. “असं लिहून घ्या मॅडम, की यातून काहीच निघत नाही.”

हवालदाराने पेन उघडलं. काचेतून बारीक ‘टिक’ असा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. गरम काच आता तडकणार असते तेव्हा येतो.

“सर, पाणी खालून!”

मी केव्हा उभा राहिलो मला माहीत नाही. “पाणी खालून आत, वरून बाहेर! नळी भरली तर वाफ थंड होईन ना! काहून जाळून राहिले मशीन? शेगडी बंद करा आधी!”

सरांनी शेगडी बंद केली. मी त्यांच्याशी या आवाजात आयुष्यात बोललो नव्हतो. सर कंडेन्सरकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले, आणि मला वाटलं आता झाडतील.

“फळ्यावर मी तसंच काढायचो, हो ना?” ते म्हणाले. “खालून आत, वरून बाहेर. आकृतीत बरोबर असायचं. धकाते, हाताने मी कधी लावलंच नाही हो. तुम्ही लावून ठेवायचे.”

त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही, उलट त्यांना पाणी द्यावंसं वाटलं.

“संशयिताले हात लावता येत नाही,” हवालदाराने आठवण करून दिली.

“पंचनाम्यात जे होते थे लिहायचं असते,” मॅडम म्हणाल्या. “काका, लावा तुमी.”

मी उठलो. आधी काच थंड होऊ दिली. घाई करणाऱ्याने काचेच्या वाटेला जाऊ नये. रबरी नळीचं तोंड पाण्यात भिजवलं आणि फिरवत फिरवत चढवलं, बायका बांगडी चढवतात तसं. पाणी खालच्या तोंडाला जोडलं. पण पाणीच गरम, त्याचं काय? मी भैय्याजींना म्हटलं, “तुमच्या कूलरचा पंप काढून आणा. आणि रसवंतीवाल्याकडून बर्फ.” भैय्याजी कुरकुरले, “घरी बायको मारीन,” पण गेले आणि आणलं. बर्फाच्या बादलीत पंप सोडला. कंडेन्सर खालून वर भरत गेला, वरच्या तोंडातून थंड धार पडली. शेगडी पेटवली, ज्योत बारीक ठेवली. आणि मी टेबलापासून हललो नाही. कोणाची हलवायची हिंमतही नव्हती.

सतरा मिनिटांनी नळीच्या टोकाला एक थेंब आला. लटकला, फुगला, आणि पडला.

मी पाहिला. अगदी एवढ्यावरून. तो कसा होता असं गोपिकेने नंतर विचारलं, तर मला सांगता आलं नाही. थेंबासारखा होता.

अर्ध्या तासात पाण्यावर पिवळट तेलाचा पातळ थर जमला आणि वास असा सुटला की कोठडीतून कोणीतरी ओरडलं, “साहेब, चहा टाकला का? आमालेही सांगा.” मॅडमनी बाटली नाकाशी नेली आणि डोळे मिटून घेतले. शोभाताई म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही असे वाटत नव्हते.” या वेळी मी रागावलो नाही. भैय्याजींनी विचारलं, यात आणखी काय काय घालता येतं, आणि गोपिकेने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पंप सांभाळायला गेले.

मग पंचनामा सुरू झाला. मॅडम सांगत होत्या, हवालदार लिहीत होता. “सदर यंत्र पंचांसमक्ष तज्ज्ञ श्री...” इथे तो थांबला आणि सरांकडे पाहू लागला.

“माझं नाव लिहू नका,” कृष्णकांत सर म्हणाले. “मी नाही चालवलं. त्यांनी चालवलं.”

“पण सर, संशयित म्हणून वर त्यायचंच नाव हाय. एकच माणूस दोन्ही जागी कसा लिहू?”

“जसं झालं तसं लिही ना बाप्पा,” मॅडम म्हणाल्या.

त्याने लिहिलं. संशयित: मारोतराव धकाते. चार ओळी सोडून, तज्ज्ञ: मारोतराव धकाते. दोन्ही ठिकाणी फुली मारून त्याने कागद माझ्याकडे सरकवला. संशयिताच्या जागी मी खटकन सही केली. तज्ज्ञाच्या जागी पेन टेकवलं आणि ‘ध’ दोनदा गिरवावा लागला. सर बाजूला उभे होते, त्यांनी कागद उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

हवालदाराने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. “काका, दोन सह्या येगयेगळ्या दिसून राहिल्या.”

“दिसतीनच ना बापू,” मी म्हटलं. “ही दुसरी मी पहिल्यांदाच करून राहिलो.”